एक बिनकामाची वस्तू

शकुबाई खरातांनी एकतीस वर्षांत किती बायकांच्या पिशव्या उलट्या केल्या असतील, याची मोजदाद खुद्द त्यांनाही नाही. घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात त्या आयाबाई होत्या. बाळंतपणाला आलेली बाई खाटेवर टेकली की तिच्यामागून सासू, नाहीतर आई, नाहीतर तोंडचं पाणी पळालेला नवरा एक फुगलेली पिशवी घेऊन आत शिरायचा. शकुबाई ती पिशवी सरळ खाटेवर ओतायच्या. जुन्या सुती साडीचे मऊ तुकडे, दोन गाऊन, टोपडं, स्वतःचा पेला, खोबरेल तेल एवढं राहायचं. नवी साडी, डझनभर सफरचंदं, पेढ्यांचा पुडा हे सगळं जसं आलं तसं परत. दोन मिनिटांत निकाल लागायचा आणि त्यावर अपील नसायचं.

यात त्यांचा एक नियम होता, तो मात्र वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होता. बिनकामाचं सगळं घरी पाठवायचं, पण एक बिनकामाची वस्तू बाईजवळ राहू द्यायची. कुठली, ते बाईने ठरवायचं. एकीने भर मे महिन्यात नवऱ्याचा मफलर ठेवून घेतला होता. एक आपला शाळेतला कंपास घेऊन आली होती. आणि विक्रोळीची एक तर टीव्हीचा रिमोट मुठीत धरूनच दाखल झाली. आपण इथे कळा द्यायच्या आणि सासूने तिथे पाय पसरून मालिका बघायच्या, हे तिला मंजूर नव्हतं. सिस्टर वैतागायच्या. शकुबाई म्हणायच्या, "राहू द्या ओ सिस्टर. कळ आली की पेला कोण धरतंय? ती हेच धरणार." रिमोटवाली मोकळी झाली तेव्हा तिच्या मुठीतून तो रिमोट काढायला दोघीजणी लागल्या होत्या.

अशी ही पिशव्यांतली जाणकार बाई. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली आणि एका जानेवारीत स्वतःची बॅग भरायची वेळ आली, तेव्हा तिची पार वाट लागली.

झालं असं की रविवारी मुलीचा, संघमित्राचा फोन आला. ती मुलुंडला राहते, विमा कंपनीत आहे, आणि आईबापांना सुख द्यायचं तिने मनावर घेतलं आहे.

"आई, शनिवारी ग्लॅम्पिंगला जायचंय. तू आणि मी. कर्जतच्या पुढे."

"म्हणजे काय गं?"

"तंबूत राहायचं एक दिवस."

"सहा डिसेंबरसारखं?" शकुबाईंनी विचारलं. दरवर्षी सहा डिसेंबरला त्या दादरला औषधांच्या मंडपात सेवेला बसायच्या. तंबू म्हणजे ताडपत्री, खाली सतरंजी आणि चोरीला जाऊ नये म्हणून उशाला चप्पल, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

"नाय गं. आत पलंग असतो. गादी, एसी, गरम पाणी, बाथरूम, सगळं आत. बाहेर झाडं."

"मग तंबू कशाला?"

संघमित्रा हसली. शकुबाईंचा स्वभाव मुळात चौकस, एखादी गोष्ट उमगली नाही की दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी ती दिवसभर सलत राहायची. घरात जे आहे तेच तंबूत असेल, तर तंबूत जायचं कशासाठी? त्यांनी पुन्हा विचारलं, "बरं, आणायचं काय?"

"काही नाही. टॉवेल, साबण, पांघरूण, चहा, सगळं तेच देतात. तू फक्त तुझ्या आवडीचं घे. ज्याने तुला बरं वाटतं, आराम वाटतो असलं काहीतरी. जरा स्वतःचे लाड कर ना, यार."

फोन ठेवल्यावर शकुबाईंनी निवृत्तीच्या समारंभात मिळालेली निळी बॅग दिवाणावर ठेवली आणि सवयीने भरायला घेतली. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, बाम, टॉर्च, सुईदोरा, सेफ्टी पिनांचा झुबका, जुनी चादर, साखरमिठाची पुडी. बॅग भरली, चेन लावली, आणि मग सवयीनेच पुन्हा दिवाणावर ओतली. एकतीस वर्षांची तयार नजर त्या ढिगावरून फिरली. हे सगळं गरजेचं होतं. आवडीचं त्यात काय होतं? बामाची बाटली? त्यांनी एकेक वस्तू उचलून बाजूला केली आणि शेवटी दिवाणावर नुसती रिकामी बॅग उरली.

शिवदास, त्यांचे यजमान, खिडकीत पेपर वाचत बसले होते. भांडुपच्या कारखान्यात हयातभर फिटर होते. मितभाषी माणूस.

"अहो, मला काय आवडतं हो?"

"तुला?" त्यांनी पेपर जरासा खाली केला. "तुला काय, सगळंच चालतं."

"चालतं नाय विचारलं. आवडतं काय?"

शिवदास विचारात पडले. "चहा?"

"चहा सगळ्या जगाला आवडतो."

"मग भेंडी."

"भेंडी तुम्हाला आवडते. म्हणून मी करते."

शिवदासांचा पेपर पुन्हा वर गेला. जरा वेळाने पेपरामागूनच आवाज आला, "मला नाय वाटतं बोलावलं?"

"मायलेकींचं आहे. दोघींचंच."

"जा, जा. मी आणि माझा गुडघा, आम्ही काय करणार तिथं," शिवदास म्हणाले. जरा जास्तच घाईने म्हणाले.

शकुबाईंना वाईट वाटलं. छत्तीस वर्षं ज्या माणसाच्या डब्यात काय घालायचं हे झोपेतसुद्धा सांगता येईल, त्याला आपल्याबद्दल भेंडीपलीकडे काही सांगता येऊ नये? पण त्याहून वाईट याचं वाटलं की उत्तर त्यांचं त्यांनाही येत नव्हतं. हजारो बायकांना त्यांनी त्यांची ती एक वस्तू मिळवून दिली होती. आपली कुठली? लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

पण शकुबाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या, शोध घेणाऱ्यांतल्या होत्या. सोमवारी त्या खालच्या मजल्यावर यव्होनबाईंकडे गेल्या. यव्होनबाई मूळच्या कांजूर गावठाणातल्या, शाळेत शिक्षिका होत्या, आणि भाच्याबरोबर असल्या तंबूत दोनदा राहून आलेल्या. म्हणजे अधिकारी व्यक्ती.

"मी माझी उशी नेते," यव्होनबाई म्हणाल्या. "परक्या उशीवर मला स्वप्नं पण परकी पडतात. आणि माझा मग. आणि ती पावडर, माझी आई लावायची ती. तू तुझी उशी ने ना, शकु."

शकुबाईंनी घरी येऊन आपली उशी नीट निरखून पाहिली. उशी होती, एवढंच तिच्याबद्दल म्हणता येत होतं. ड्यूटीरूमच्या बाकड्यावर केसपेपरच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून झोपलेल्या बाईला उशीचं काय कौतुक? मग त्यांनी मग करून पाहिला, म्हणजे चहा कपाऐवजी मोठ्या मगात घेऊन बाल्कनीत बसल्या. वारा नेमका कचऱ्याच्या डम्पिंगच्या बाजूने आला, उठून दार लावून घ्यावं लागलं. मंगळवारी गरम पाण्यात पाय सोडून बसल्या. बरं वाटलं. पण बरं वाटणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे बाळंतिणींत जन्म काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको. बॅग दिवाणावर आ वासून पडली होती.

बुधवारी संघमित्राचा फोन. "बॅग भरली?"

"भरतेय."

"अजून? आई, तीन दिवस काय भरतेयस? आवडतं ते टाक ना."

"बघते."

पलीकडचा आवाज उतरला. मग संघमित्रा म्हणाली, "तुला यायचं नसेल तर सरळ सांग. मी कॅन्सल करते. तू नेहमी असंच करतेस, दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतेस. माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस, प्लीज. शुक्रवारपर्यंत सांग."

शकुबाईंना जायचं होतं. फार जायचं होतं. तंबू कशाला, हे बघायचं होतं, लेकीबरोबर एक दिवस बसायचं होतं. आणि ते सगळं आता त्या रिकाम्या बॅगेवर येऊन अडकलं होतं. उगाच काहीतरी भरून नेलं असतं तर संघमित्राने एका नजरेत ओळखलं असतं, शेवटी मुलगी कुणाची. शकुबाईंना राग आला, आणि तो स्वतःचाच आला.

गुरुवारी दुपारी त्यांनी माळ्यावरून आपली जुनी ड्यूटीची पर्स खाली काढली. नोकरीला लागल्यावर घेतलेली, काळ्या रेक्झिनची, पट्टा तुटल्यावर माळ्यावर गेलेली. म्हटलं, त्या वयात आपण काय जवळ बाळगत होतो, ते तरी पाहू. नेलकटर निघालं, वाळून गेलेलं पेन निघालं, फोटो पुसट झालेलं ओळखपत्र निघालं. आणि आतल्या चेनच्या कप्प्यातून निघालं पत्त्याचं एक पान. बदामाची पंजी. कोपरा फिनेलच्या पाण्याने फुगलेला, मधोमध गंजाची आडवी रेघ.

शकुबाई माळ्याच्या शिडीवरच बसल्या. ही पंजी कुठे सापडली ते त्यांना लख्ख आठवलं. संघमित्रा तीन महिन्यांची असताना त्या पुन्हा कामावर रुजू झाल्या, तेव्हा नऊ नंबरची खाट सरकवून झाडताना तिच्या पायाखाली ही अडकलेली होती. घरी द्यायची म्हणून त्यांनी ती पर्समध्ये टाकली होती. ती तिथे गेली कशी, आणि मग दिली का नाही? ते काही केल्या आठवेना. दुसरंच आठवायला लागलं. लग्नानंतरची दोन वर्षं, चाळीतली ती एक खोली, जेवणं आटोपल्यावर सासूबाई भांडी पालथी घालून म्हणायच्या, "चला, वाटा." सासूबाई, शिवदास आणि त्या. बदाम सात. सत्ती लावली की दोन्ही बाजूंनी पानं लागत जातात, आणि ज्याच्याकडे सत्ती आहे तो ती दाबून बसला की बाकीचे हातात पानं धरून नुसते तडफडतात. शकुबाई दाबून बसायच्या. हातात लावण्याजोगं दुसरं एक जरी पान असलं तरी सत्ती सोडायच्या नाहीत. सासूबाई चिडायच्या, शिवदास हात जोडायचे, आणि त्या पदरात तोंड घालून हसायच्या. त्यांच्या बोटांना ते सगळं अजून आठवत होतं. पण ते पत्ते गेले कुठे? आणि खेळ थांबला कधी?

हे सांगू शकणारा माणूस एकच होता आणि तो रोज चार वाजता विहाराच्या वाचनालयात पेपर वाचायला जात असे. शकुबाई चप्पल घालून निघाल्या.

वाचनालयात कुणीच नव्हतं. पंखाही बंद होता. मागच्या बाजूने हसण्याचा आवाज आला म्हणून त्या इमारतीला वळसा घालून गेल्या, तर सिमेंटच्या बाकड्याभोवती चार म्हातारे बसलेले, आणि मधे पानं लागलेली. शिवदासांनी बायकोला पाहिलं आणि चपळाईने हातातली पानं मांडीखाली सारली. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस एवढा चपळ असू शकतो, हे शकुबाईंना नवीन होतं.

"या वहिनी," दशरथ नावाचे शेजारी म्हणाले आणि एकदम आभाळाकडे बघायला लागले.

"पेपर वाचताय?" शकुबाईंनी विचारलं.

"हां. म्हणजे, आत्ताच झाला वाचून."

"किती वर्षं वाचताय?"

"रिटायर झाल्यापासून," शिवदासांनी कबूल केलं.

"मग मला का नाय सांगितलं? पत्ते खेळणं काय पाप आहे?"

शिवदासांनी मांडीकडे पाहिलं. "तूच म्हणाली होतीस."

"मी? कधी?"

"आपली मित्रा झाली तेव्हा."

मग त्या मितभाषी माणसाने, तीन म्हाताऱ्यांच्या साक्षीने, कधी नव्हे ते सगळं सांगितलं. शकुबाईंना कळा सुरू झाल्या त्या ड्यूटीवरच. नोकरीला लागून पुरते सहा महिनेही झाले नव्हते. सासूबाई गावी जालन्याकडे. निरोप आल्यावर शिवदास घरी पळाले, हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं आणि प्रसूतिगृहात आले. तिथे दुसऱ्या आयाबाईने पिशवी खाटेवर ओतली. त्यातून निघाला शिवदासांचा एक शर्ट, टॉर्च, फरसाणाची पुडी आणि पत्त्यांचा कॅट. कॅटचं रबर तुटलेलं. बावन्न पानं वॉर्डभर पसरली. सिस्टर हसल्या, डॉक्टर हसले, शेजारच्या खाटेवरची बाई कळा विसरून हसली.

"आणि तू ओरडलीस," शिवदास म्हणाले. "इथं काय जुगाराचा अड्डा आहे? अक्कल गहाण टाकलीय का? म्हणालीस, हे परत माझ्या डोळ्यांना दिसता कामा नये. मी खाटांखाली सरपटत जाऊन गोळा केले. एक्कावन्नच मिळाले."

"पण आणलेत कशाला हो असल्या वेळेला?"

"तुला आवडायचे म्हणून," शिवदास म्हणाले.

शकुबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या ओरडल्या होत्या हे त्यांच्या गावीही नव्हतं. कळांमध्ये बाई काय काय बोलते, डॉक्टरांना शिव्या घालते, ते त्यांनी पुढे हजारदा ऐकलं आणि एकदाही मनावर घेतलं नाही. या माणसाने मात्र ते शब्द चौतीस वर्षं जपून ठेवले होते.

"मग रविवारी विचारलं तेव्हा का नाय सांगितलंत? भेंडी काय, भेंडी?"

"परत ओरडली असतीस तर?"

दशरथ अजून आभाळच बघत होते. शकुबाईंनी पदराखालून पंजी काढली आणि बाकड्यावर ठेवली. "नऊ नंबरच्या खाटेखाली होती," त्या म्हणाल्या. शिवदासांनी ती उचलली, उलटसुलट करून पाहिली, गंजाच्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग शकुबाई त्यांच्या शेजारी बाकड्यावर टेकल्या, त्यांच्या मांडीखालची पानं ओढून घेतली, हातात पंख्यासारखी पसरली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "इस्पिकची सत्ती एवढ्यात सोडू नका. किलवर लावा आधी."

"वहिनी, हे चीटिंग आहे," दशरथ म्हणाले.

तो डाव शकुबाईंनीच पुरा केला, आणि जिंकला.

घरी आल्यावर शिवदासांनी कपाटावरची फिटरची हत्यारपेटी खाली घेतली. पाने, पक्कड, कानस, आणि तळाशी फडक्यात बांधलेला कॅट. एक्कावन्न पानं आणि औषधाच्या खोक्याचा कापलेला एक पुठ्ठा, त्यावर निळ्या पेनाने काढलेले पाच बदाम. शकुबाईंनी पुठ्ठा काढून पंजी आत घातली. पुठ्ठाही टाकवेना, तो त्यांनी पर्सच्या त्याच कप्प्यात ठेवला.

बॅगेचा प्रश्न सुटला होता, पण शुक्रवारी पोळ्या लाटताना नवाच प्रश्न उभा राहिला. बदाम सात दोघांत होत नाही. दोघांतच पानं वाटली की आपल्या हातात जे नाही ते समोरच्याच्या हातात, सगळं उघडं. मग दाबून बसण्यात काय मजा? तिसरा हात लागतोच. शकुबाईंनी लाटणं खाली ठेवलं आणि खिडकीत बसलेल्या शिवदासांना म्हणाल्या, "तुमचा तो गुडघ्याचा पट्टा कुठाय?"

शनिवारी सकाळी संघमित्रा गाडी घेऊन आली, तर फाटकात आई उभी, खांद्याला चपटी पडलेली निळी बॅग, आणि मागे इस्त्रीच्या शर्टात बाबा.

"बाबा सोडायला आलेत?"

"नाय," शकुबाई म्हणाल्या. "येतायत."

"आई, आपलं दोघींचं ठरलं होतं ना?" संघमित्राचा चेहरा पडला. तिने बॅग हातात घेतली, वजन पाहिलं, चेन उघडली. एक गाऊन, गोळ्यांची डबी आणि रबर लावलेला पत्त्यांचा जुना कॅट. "एवढंच?"

"बाकी सगळं ते देतात म्हणालीस ना. हे मला आवडतं. तुला शिकवते चल. पण तीन हात लागतात."

"पत्ते? तुला?" संघमित्रा आईकडे बघतच राहिली. चौतीस वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "आणि बाबांना कुठल्या खात्यात घालू?"

शकुबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "पिशवीत एक बिनकामाची वस्तू राहू द्यायची असते," त्या म्हणाल्या.

"वस्तू कोण?" शिवदासांनी विचारलं. पण ते तोवर गाडीत बसलेसुद्धा होते. संघमित्रा हा नियम ऐकतच लहानाची मोठी झाली होती. तिला हसू आवरेना. हसता हसताच तिने तिसऱ्या गादीसाठी फोन लावला.

तंबूत पोचल्यावर शकुबाईंनी आधी पाहणी केली. पलंग दाबून पाहिला, गरम पाणी सोडून पाहिलं, कपाटं, खण, पडद्यामागची जागा, सगळं उघडून पाहिलं. मग दारात येऊन त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मित्रा, इथं ओटा नाय गं."

"नसतोच. जेवण बाहेरून येतं."

"आत्ता कळलं तंबू कशाला," शकुबाई म्हणाल्या, आणि पलंगावर मांडी घालून बसल्या. "चला, वाटा."

दुपारचं ऊन कापडातून पिवळं होऊन आत येत होतं. संघमित्रा चटकन शिकली, पण तिसऱ्या डावात तिच्या हातात इस्पिकच इस्पिक आली आणि ती अडकली. एकदा पास म्हणाली, दोनदा म्हणाली. शिवदासही पास म्हणाले. बदाम, किलवर, चौकट तिन्ही लागत होती, इस्पिकचा पत्ताच नव्हता.

"आई, सत्ती तुझ्याकडेच आहे ना?"

शकुबाई पानं बघत राहिल्या.

"सोड ना गं. प्लीज. माझा एवढा हात भरलाय बघ."

हाच तो सूर. शेवटच्या घासासाठी, खिडकीच्या जागेसाठी, शाळेच्या सहलीच्या पैशांसाठी आईची सुट्टी रद्द करायला लावताना, संघमित्राने जन्मभर हाच सूर लावला होता, आणि प्रत्येक वेळी शकुबाई म्हणाल्या होत्या, चालतं गं, घे. शिवदासांनी पानांआडून बायकोकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाले, "सोडायची नाय ती. मी ओळखतो हिला."

शकुबाईंनी पानं छातीशी धरली. त्यांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि किलवरची दश्शी लावली.